कोणतं जेल घेऊ?

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. माणसाच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कूर्चा वाढवायची आहे. अ‍ॅगरोज, अल्जिनेट, कोलॅजेन की जेलएमए (मेथाक्रिलेट जोडलेलं, प्रकाशानं घट्ट होणारं जिलेटिन), यातल्या कोणत्या जेलमध्ये पेशी वाढवाव्यात, हेच ठरत नाही. ज्याचा शोधनिबंध उघडावा त्याचं जेल उत्तम! मार्गदर्शक जेलएमए घे म्हणतात. पेशी मात्र फार थोड्या मिळतात. सुरुवात कशानं करू?

उत्तर : पेशी थोड्या आहेत हे तुम्ही शेवटी लिहिलंत, मला ते सगळ्यात आधी वाचायचं होतं. थोड्या आहेत म्हणजे तुम्ही त्या फ्लास्कमध्ये वाढवणार. आणि सपाट प्लास्टिकवर वाढली की कूर्चापेशी आपलं काम विसरते. गोलाची लांबट होते, कूर्चेतलं टाइप २ कोलॅजेन सोडून त्वचेत-हाडात असतं ते टाइप १ बनवायला लागते. दोन-तीन पॅसेजमध्ये (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांनी दिसतं. तेव्हा तुमच्या जेलचं पहिलं काम या पेशीला पुन्हा गोल करणं. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२ मध्ये सशाच्या अशाच बहकलेल्या पेशी अ‍ॅगरोजमध्ये ठेवल्या, तर त्या मूळ वळणावर आल्या. अ‍ॅगरोज काय, अल्जिनेट काय, पेशीला चिकटायला जागाच देत नाहीत. कोलॅजेनला ती चिकटते, ओढते, आणि तुमची जेलची चकती आकसते.

मी अल्जिनेटनं सुरुवात करेन. १.२ टक्के द्रावणात पेशी मिसळायच्या, सुईतून थेंब थेंब १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचे, दहा मिनिटांत मणी तयार. दर मिलिलिटरला १ ते २ कोटी पेशी ठेवा. पेशी कमी पडल्या तर मणी कमी करा, दाटी कमी करू नका. मोठा फायदा म्हणजे सायट्रेट घातलं की मणी विरघळतात आणि पेशी हातात येतात. अ‍ॅगरोजमधून आरएनए काढताना मी जे भोगलंय ते तुम्ही भोगू नये.

माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी सवयीनं मणी पीबीएसनं (फॉस्फेट असलेल्या खारट द्रावणानं) धुतले आणि त्यातच ठेवून गेले. परत येऊन पाहते तर मण्यांच्या जागी बुळबुळीत पाणी. फॉस्फेटनं कॅल्शियम ओढून घेतलेलं! तेव्हापासून ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरं काही नाही.

दुसरा सापळा मोजमापातला, आणि तो जास्त वाईट, कारण त्यात निकाल चांगला दिसतो. ग्लायकोसअमिनोग्लायकन, म्हणजे कूर्चेतल्या सल्फेटवाल्या साखळ्या, मोजायला तुम्ही डीएमएमबी रंग वापरणार. तो त्यांच्या ऋण भाराला चिकटतो. अल्जिनेटवरही ऋण भार असतो, त्यामुळे रंग त्यालाही भुलतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या रिकाम्या मण्यांनी मस्त 'कूर्चा' बनवली होती. रंगाचा पीएच ३ वरून १.५ वर आणा : तिथे अल्जिनेटचा भार जवळजवळ मावळतो, सल्फेटचा टिकतो. आणि पेशीविना मणी प्रत्येक वेळी सोबत ठेवा.

ऊतीवर दाब देऊन बघायचा असेल तर मात्र मणी कुचकामी. तिथे २ टक्के, कमी तापमानाला गोठणाऱ्या अ‍ॅगरोजची सपाट चकती हवी. पण दाबाचे जे भरघोस आकडे छापून येतात त्यातले पुष्कळ वासराच्या पेशींचे असतात. प्रौढ माणसाच्या पेशी तितक्या उत्साही नसतात.

जेलएमए वाईट नाही. पेशी त्याला कातरू शकतात, ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशानं हवा तो आकार देता येतो. पण मेथाक्रिलेशनचं प्रमाण, प्रकाशाची मात्रा, इनिशिएटर (प्रकाश पडला की जेल घट्ट करायला लागणारं रसायन), इतक्या खुंट्या एकदम पिळल्यावर बिघाड नेमका कुठला हे नवख्याला कळत नाही. मार्गदर्शकांना सांगा, सहा महिन्यांनी घेते.

आणि दोन दात्यांच्या पेशी संख्या भरावी म्हणून एकत्र करू नका. एकाच्या पेशी २८ दिवसांत सॅफ्रानिन या कूर्चा दाखवणाऱ्या रंगानं लालभडक होतात, दुसऱ्याच्या जेमतेम गुलाबी. मिसळलंत तर हा फरक तुम्हाला दिसायचाच नाही.