क्रमवारीत खालच्या विद्यापीठाची पदवी घेण्यात अर्थ आहे का?
हो, आहे. फक्त विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना, ते आधी तपासा. ते नसेल तर सगळी मेहनत वाया. क्रमवारीला एवढं घाबरू नका. विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या क्यूएस या संस्थेच्या २०२४च्या जागतिक यादीत ३० टक्के भार प्राध्यापक-संशोधकांमधल्या नावलौकिकाला होता. वर्गात कसं शिकवतात, हे त्यात थेट मोजलेलंच नाही!

डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्या कुवतीच्या मुलांमध्ये नामांकित कॉलेजामुळे पुढच्या कमाईत फारसा फरक पडला नव्हता. गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा झाला होता, म्हणून तशी परिस्थिती असेल तर चांगल्या ठिकाणच्या शिष्यवृत्तीसाठी जरूर धडपडा.

कर्ज काढणार असाल, तर त्याच विभागातून नुकतेच बाहेर पडलेले चार-पाच जण आधी गाठा आणि नोकरी कुठे लागली ते विचारा.