वॉरंटी संपलेल्या गाडीची सर्व्हिसिंग शोरूममध्ये करावी, बाहेरच्या मेकॅनिककडे, की घरीच?

तुम्ही कळवलंत त्यानुसार तुमची गाडी 2019 ची पेट्रोल स्विफ्ट, 58,000 किमी चाललेली, वॉरंटी संपलेली. शोरूमने साडेचौदा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलंय, शेजारी म्हणतात बाहेर निम्म्यात होईल, आणि व्हिडिओ बघून स्वतःच करून पाहावं, निदान ऑइल तरी बदलावं असंही तुमच्या मनात आहे. माझं म्हणणं असं की अख्ख्या गाडीसाठी एक जागा ठरवूच नका. प्रत्येक कामाची जागा वेगळी. ती ठरवताना दोन गोष्टी विचारात घ्या: हे काम चुकलं तर काय होईल, आणि चुकलंय हे मला वेळेत कळेल का?

एसीचा फिल्टर उलटा बसला तर फार तर हवा कमी येईल, काढून नीट लावता येतो. ब्रेकचं काम चुकलं तर ते कात्रजच्या उतारावर कळेल. ही दोन कामं एकाच तराजूत तोलायची नाहीत.

आधी एस्टिमेट. गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल काढा. त्यात शेवटाकडे देखभालीचा तक्ता असतो, किती किमीला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचं, काय बदलायचं. एस्टिमेटची एकेक ओळ त्या तक्त्यावर ठेवून बघा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक फ्लुइड, स्पार्क प्लग या ओळी तक्त्यात सापडतील. स्पार्क प्लगला मात्र एक प्रश्न विचारा: साधे निकेलचे आहेत की इरिडियमचे? इरिडियमचे लाखभर किमीपर्यंत चालतात, ते 58,000 ला काढायची गरज नसते. कूलंटचंही (इंजिन गार ठेवणारं द्रव) तसंच. लाँग लाइफ कूलंट भरलेला असेल तर तक्त्यात दिलेल्या मुदतीआधी तो बदलू नका, पातळी तेवढी बघा.

मग येतात इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग. ही कामं तक्त्यात शोधा, बहुधा सापडणार नाहीत. थ्रॉटल बॉडी साफ करणं निरर्थक नाही, पण ते लक्षण असेल तर: गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनचे फेरे) वरखाली होतोय, सिग्नलला बंद पडतेय. लक्षण नसताना त्याला हात लावू नका. अंडरबॉडी कोटिंगचा रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत उपयोग आहे, पण खालचा पत्रा धुऊन, पूर्ण वाळवून मारलं तरच. धुळीवर मारलं तर आत ओल अडकते आणि गंज वरून दिसतसुद्धा नाही. पुण्यातल्या गाडीला ही ओळ खुशाल खोडायला सांगा. सर्व्हिस ॲडव्हायजरला एवढंच म्हणायचं: "तक्त्यात आहे तेवढंच जॉब कार्डवर, म्हणजे कामांच्या यादीवर लिहा. बाकी काही निघालं तर आधी फोन करा." ते ऐकतात.

आता शोरूममध्येच करून घ्यायची कामं. एअरबॅगचा दिवा, चावी-इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं इलेक्ट्रॉनिक लॉक), कंट्रोल युनिटचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सेटिंग, आणि रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची दुरुस्ती. रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट होतं. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून वर्षातून एकदा बघत जा. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी मुदत संपेपर्यंत शोरूम सोडू नये, असंच मी सांगेन. भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला, तो नेमका या प्रश्नावर होता: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, आणि बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द करणं. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं. आयोगाची भूमिका ग्राहकाच्या बाजूची असली तरी इंजिनचा दावा नाकारला गेला की भांडायचं तुम्हालाच असतं, आणि तोवर गाडी उभी राहते.

तुमची गाडी वॉरंटीबाहेर आहे, तेव्हा चांगला मेकॅनिक हाच तुमचा मुख्य आधार. सस्पेन्शनमधले लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), व्हील बेअरिंग, क्लच प्लेट, ब्रेक पॅड ही त्याची रोजची कामं आहेत. शोरूममध्ये बऱ्याचदा अख्खी असेंब्ली, म्हणजे जोडलेला पूर्ण भाग बदलतात, तिथे हा फक्त बुश बदलून देईल. मेकॅनिक पारखायचा कसा? तक्रार सांगितल्यावर जो आधी गाडीत बसून एक चक्कर मारतो, तो कामाचा. जो स्कॅनर लावतो आणि कोड वाचून लगेच पार्ट सांगतो, त्याच्यापासून जपा. पी0301 कोडचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे इंधन नीट पेटत नाहीये, एवढाच. दोष प्लगमध्ये असेल, प्लगला वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलमध्ये असेल, नाहीतर इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये. कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर लावून दोष तिच्यासोबत सरकतो का हे बघायला पाच मिनिटं लागतात. ते न करता जो तिन्ही बदलायला सांगतो, त्याला तुमच्या पैशात अंदाज बांधायचा असतो. अजून एक खूण: तुमच्या गाडीच्या के-सीरिज इंजिनला टायमिंग चेन असते, बेल्ट नसतो. "टायमिंग बेल्ट बदलायला आलाय" असं कुणी म्हणालं तर तिथून चावी परत घ्या.

पार्ट स्वतः आणून दिलेले बरे. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसकडे स्पेअरची दुकानं ओळीने आहेत. पण शक्यतो कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून घ्या, छापील एमआरपी आणि पार्ट नंबर बघा, पक्कं बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. त्याआधीचं जुनं एस्टिमेट कुणी पुढे केलं तर नव्याने काढायला सांगा.

ऑइल बदलणं घरी करावं का, हे तुम्ही खास विचारलंय. करता येतं, पण आपल्याकडे मजुरी एवढी स्वस्त आहे की पैसे फारसे वाचत नाहीत. वर सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं आणि तीन लिटर काळं तेल कुठे टाकायचं हा प्रश्न उरतो. ते गटारात किंवा मातीत ओतायचं नाही, गॅरेजवाल्याच्या पिंपातच गेलं पाहिजे. म्हणून माझा सल्ला: मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं तेल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर तुम्ही विकत घ्या आणि मेकॅनिकसमोर उभं राहून काम करून घ्या.

उभं राहिल्यावर बघायचं काय, ते नीट सांगतो, कारण चुका इथेच होतात. जुना फिल्टर खोलला की त्याच्या तोंडाशी रबरी रिंग आहे का बघा. कधी कधी ती इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा एकमेकींवर येतात. गाडी सुरू होते, गॅरेजमधून बाहेरही पडते आणि तेलाचं प्रेशर वाढलं की तिथून तेल उडतं. लाल दिवा दिसेपर्यंत इंजिन कोरडं होऊ शकतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने तेल लावायचं, हाताने फिरवून रिंग टेकली की पुढे साधारण पाऊण फेरा, बस. पान्याने करकचून आवळला तर पुढच्या वेळी निघत नाही. ड्रेन बोल्टचंही असंच, लांब दांडी लावून आवळला की पॅनचे आटे जातात. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) असेल तर उत्तम, ज्याच्याकडे तो आहे आणि जो तो वापरतो ते गॅरेज धरून ठेवा. शेवटी, साडेतीन लिटरचा डबा आणलाय म्हणून सगळा ओतू द्यायचा नाही. या इंजिनला तीन लिटरच्या आसपास लागतं. आधी थोडं कमी ओतून, मिनिटभर इंजिन चालवून, बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि सपाट जागेवर डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. वरच्या खुणेच्या वर गेलं तर ते फेसाळतं आणि सील्सना त्रास होतो.

ब्रेक पॅड मेकॅनिककडेच. पण जुने पॅड मागून घ्या आणि एकाच चाकाचे आतला-बाहेरचा शेजारी ठेवून बघा. पॅडचा जाड थर 3 मिमीच्या आसपास आला की बदलायचे. एक 5 आणि दुसरा 2 असेल तर बहुधा कॅलिपरची (पॅड धरून ठेवणारा भाग) स्लाइड पिन अडकलेली असते. ती साफ करून ग्रीस न लावता नुसते पॅड टाकले तर नवेही तसेच झिजतील. पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला असल्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं. गाडी हलवण्याआधी ते घट्ट होईपर्यंत दाबून घ्यायचं, हे मेकॅनिकने केलं तरी चावी हातात आल्यावर तुम्हीही करा. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दोन वर्षांनी बदलतात. घाटात ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. बाटली फोडून ठेवलेलं फ्लुइड कुणालाही भरू देऊ नका.

घरी काय करायचं? एअर फिल्टर: झाकणाच्या क्लिपा काढायच्या, फिल्टर बदलायचा, कड नीट बसल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर धूळ थेट आत. एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, त्यावरचा बाण हवेच्या दिशेने. वायपर ब्लेड मे महिन्यात, पावसाआधी. टायरची हवा सकाळी, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली. बॅटरीचे टर्मिनल पांढरे झाले असतील तर दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडायचं, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. आधी पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद करून काही तास गेल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास, आणि चालू असताना 14 च्या आसपास दिसायला हवं. चालू असतानाही 12.5 च दिसत असेल तर नवी बॅटरी घ्यायला धावू नका, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. कूलंटचं झाकण गरम इंजिनवर कधीही उघडायचं नाही. आणि चाक काढावंच लागलं तर दुसऱ्या चाकाला दगडाची अडण, गाडीखाली घोडी (लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हातसुद्धा घालू नका.

काम कुठेही करा, बिलावर किमी रीडिंग आणि पार्ट नंबर लिहून घ्या, सगळी बिलं एका फायलीत ठेवा. गाडी विकताना शोरूमच्या रेकॉर्डची जागा तीच घेते. आणि सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी काढण्याआधी, इंजिनखाली जमिनीवर थेंब पडलेत का बघा, डिपस्टिक पुन्हा एकदा ओढा, आणि चाकं काढली असतील तर पन्नासेक किमीनंतर नट पुन्हा तपासून घ्या.