उसण भरली, मग झोपून किती राहायचं?

प्रश्न : परवा बादली उचलायला वाकलो आणि कमरेत अशी चमक निघाली की सरळच होता येईना. वय ४२. घरचे म्हणतात, पंधरा दिवस अंथरूण सोडू नका. एमआरआय काढू का?

उत्तर : पंधरा दिवस मुळीच नको! फार तर एक-दोन दिवस पडा, तेही अधूनमधून उठत. जास्त झोपलात तर कंबर आणखी आखडते. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे निम्मे लोक दुखण्यापेक्षा भीतीनेच ताठलेले असतात. थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटलं, असं नव्हे. घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चाला, गरम पाण्याची पिशवी घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच. पित्त, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर विशेषतः.

एमआरआयची घाई नको. काहीही दुखत नसलेल्यांच्या तपासणीतही मणक्यांमधली चकती सरकलेली दिसते आणि माणूस उगाच धास्तावतो. बहुतेकांना चार-सहा आठवड्यांत बराच आराम पडतो.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा. ताप असेल, जोरात पडला असाल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.