पोती घेऊन निघालेल्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. येत्या शनिवारी हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर मनिलातल्या तोंडो या गरीब वस्तीत कपडे आणि धान्य वाटायला निघाली आहेस, 11 पोती भरून तयार आहेत, काही सांगायचं असेल तर सांगा, असं लिहिलंस. सांगायचं बरंच आहे. फिलिपिन्समध्येच लोस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत नोकरीला होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मीही हेच करायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो.

आधी त्या पोत्यांचं. तिथे कुठल्याही भारतीयाला ‘बुम्बाय’ म्हणतात. शब्द आपल्या मुंबईचाच, पण तो चिकटलाय मोटरसायकलवरून दारोदार व्याजाने पैसे देत फिरणाऱ्या पंजाबी सावकारांना. 5 घ्यायचे, 6 फेडायचे, म्हणून त्या धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. हट्टी पोरांना तिकडच्या आया दटावतात, की बुम्बाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. आणि तू एकदम 11 पोती घेऊन गल्लीत शिरणार! हसू नकोस, एखादं पोर खरंच आईमागे लपेल. म्हणून शनिवारच्या आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन ये. बरांगायच्या कचेरीत सांगून ठेव; बरांगाय म्हणजे वॉर्ड आणि ग्रामपंचायत यांच्या मधलं काहीतरी समज. मग एखाद्या सारी-सारी, म्हणजे गल्लीतल्या छोट्या किराणा दुकानासमोर बस, थंड काहीतरी घे आणि दुकानवालीला विचार, इथे काय कमी पडतं? वाक्याला ‘पो’ लावायला विसरू नकोस, ते त्यांचं अहो-जाहो आहे. थोडी मोठी असेल तिला ‘आते’ म्हण. आते म्हणजे ताई, आत्या नव्हे. माझा यात वर्षभर घोळ होत होता.

विचारायचं का, ते मला मनिलाजवळच्या मारिकिना गावाने शिकवलं. 2009 च्या सप्टेंबरात ओंदॉय वादळाने मनिला बुडवली. आम्ही काही भारतीय कुटुंबांकडून कपडे गोळा केले आणि पाणी ओसरल्यावर जीपनी, म्हणजे तिकडची लांबट जीप-बस, भरून मारिकिनाला गेलो. त्यात काय नव्हतं? स्वेटर होते, कोट होते, एक जरीची शेरवानी होती. शिवाय बुटांची 2 पोती. मारिकिना हे साऱ्या फिलिपिन्सला बूट पुरवणारं गाव आहे, हे मला ठाऊक होतं आणि तरी सुचलं नाही. चिखलात उभी असलेली एक बाई पोत्यात डोकावली आणि अगदी अदबीने म्हणाली, “सर, बूट इथेच बनतात हो.” तिला हवा होता खराटा. घरात गुडघाभर गाळ होता. आणि मग आवाज उतरवून तिने विचारलं, आतले कपडे आहेत का, नवे?

नव्हते. आमची पोती बास्केटबॉलच्या कोर्टावर पडून राहिली, पावसात भिजली, कुबट झाली. शेवटी वस्तीतल्याच माणसांना ती कचऱ्याच्या गाडीत चढवावी लागली. घर साफ करायचं सोडून ते आमची मदत साफ करत होते.

तेव्हा आजच ती 11 पोती उघड. वास घे. डाग, तुटकी चेन, उसवलेली शिवण दिसली की बाजूला काढ, आणि लोकर तर मुळीच नको. बागियोच्या डोंगरात थंडी असते, तोंडोत नसते. माझ्या अंदाजाने 11 ची 5 होतील. जमतील तेवढ्या पैशांतून चड्ड्या, सॅनिटरी पॅड आणि रबरी चपला घे, सगळं नवं. दिल्लीच्या ‘गूंज’चे अंशू गुप्ता आठवतात? कपड्यांच्याच कामासाठी 2015 साली त्यांना मॅगसेसे मिळालं, तेही तुझ्याच मनिलात. त्यांच्या कामात मासिक पाळीच्या कापडाला केवढी जागा आहे, ते जरूर वाच.

आता मुख्य गोष्ट. तोंडोतल्या बाईला जुन्या कपड्याची पारख तुझ्यापेक्षा जास्त आहे. तिथे ‘उकाय-उकाय’ असतं, जुन्या कपड्यांचा बाजार. नावाचा अर्थ उकरणं, आणि गंमत बघ, शब्दही आपल्या उकरण्याच्या किती जवळचा! जुने कपडे विक्रीसाठी आयात करायला 1966 पासून कायद्याने बंदी आहे आणि दुकानं मात्र जागोजागी आहेत. ती बाई तिथे ढीग उपसते, शिवण उलटवून बघते, घासाघीस करते. तिच्या हातात तू गाठ मारलेली पिशवी कोंबलीस, तर ती ‘सालामात पो’ म्हणेल आणि घेईल. घरी गेल्यावर पिशवीतून निघेल तिच्या नवऱ्याला न बसणारी पँट आणि नसलेल्या मुलीचा फ्रॉक.

म्हणून वाटू नकोस, दुकान मांड. बरांगायचं बास्केटबॉल कोर्ट माग, टेबलं लाव, दोऱ्या बांधून हँगर अडकव, मापाप्रमाणे गठ्ठे कर. माणशी 3 नग, पण निवडायचे तिने, आणि उपसायला भरपूर वेळ दे. एक मोठा आरसाही ने. आम्ही पुढच्या खेपेला नेला होता. एक आजीबाई फुलांचा ब्लाउज अंगाला लावून आरशासमोर एवढा वेळ उभ्या राहिल्या, की मागच्या बायका चेष्टा करायला लागल्या. त्या हलल्या नाहीत. शेवटी ब्लाउज परत ठेवला आणि दुसरा घेतला. तो दिवस चांगला गेला.

गर्दीचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. 2006 साली पासिगमध्ये टीव्हीच्या कार्यक्रमासाठी, बक्षिसांच्या आशेने, स्टेडियमबाहेर लोक जमले होते. चेंगराचेंगरीत 70 हून जास्त माणसं गेली. 2 दिवस आधी बरांगायच्या बायकांकरवी घरोघर चिठ्ठ्या दे, तिकडे ‘स्टब’ म्हणतात. स्टबवर वेळ लिही. म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना सकाळच्या वेळा. 10 चिठ्ठ्या खिशात राखून ठेव, कारण यादीतून कुणीतरी सुटलेलं असतंच.

धान्याचं थोडक्यात. तांदूळच दे. उभं पीक ते ‘पालाय’, तांदूळ ‘बिगास’, शिजला की ‘कानिन’, आणि तळाची खरवडसुद्धा ‘तुतोंग’ म्हणून निराळी. ज्या भाषेत तांदळाचा इतका संसार आहे, तिथे नूडल्सची पाकिटं देऊन कसं भागेल? सोबत सार्डिनचे डबे, कडी ओढून उघडणारे. डुकराच्या मांसाचे डबे टाळ; मनिलात मुस्लिम वस्त्याही आहेत, आणि मासा सगळ्यांनाच चालतो.

तोंडोतल्याच हॅपीलँड नावाच्या झोपडपट्टीत गेलात तर कुणीतरी तुम्हाला ‘पागपाग’ दाखवायला नेईल, म्हणजे हॉटेलांच्या कचऱ्यातलं मांस झटकून, धुऊन, पुन्हा शिजवलेलं. जाऊ नका. ते कुणाचं तरी रात्रीचं जेवण आहे. पिशव्यांवर कॉलेजचं नावही छापू नका. मदतीच्या पिशवीवर स्वतःचा चेहरा छापणाऱ्या पुढाऱ्यांसाठी तिकडे ‘एपाल’ असा एक झकास शब्द आहे, तो तुम्हाला लागायला नको. मात्र कुणी उकडलेलं केळं पुढे केलं तर नाही म्हणू नकोस. ‘उतांग ना लोओब’, मनातलं देणं, ही तिथे जड गोष्ट आहे. एक केळं खाल्लंस की त्यातलं थोडं फिटतं.

उरलेले कपडे तिथे ठेवू नका, परत आणा. आणि पोत्यात काय उरलं ते मला सविस्तर कळव. पुढच्या खेपेची यादी त्यातूनच निघते. शेरवानी निघालीच, तर ती माझी नव्हे.

तुझा,
काका