खाणउद्योगात महिलांना समान संधी आणि पर्यावरणाची काळजी, दोन्ही कसं साधायचं?

महिलांना खाणीत आणायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. आणायचं काय त्यात? आमच्याकडं जालना, बीड, परभणी, कुठल्याही खडी क्रशरवर जाऊन बघा, बायका कधीच्याच तिथं आहेत, फक्त मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाहीत.

माझी माय क्रशरच्या सरकत्या पट्ट्याखाली बसून खडी निवडायची, टोपली भरायची. बाप फोडायचा, ती भरायची, आणि ब्रासचा (खडी मोजायचं माप) हिशोब दोघांचा मिळून, नाव मात्र बापाचं एकट्याचं. २००७ ला रोलरजवळ अडकलेला दगड काढताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मालक म्हणाला ही बाई आमच्याकडं कामाला नव्हतीच, नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. आता तिथला मुकादम कोण तर माझा सख्खा चुलता, आणि त्यानं मान हलवली की हो, डबाच घेऊन आली होती. दवाखान्याचा खर्च मालकानं दिला, भरपाईचं नाव नाही, कारण कागदावर ती तिथं नव्हतीच. मी तेव्हा नववीत होते, चुलत्याला तोंडावर विचारलं तर म्हणला, "बाईचं नाव कामून लावायचं? पैसे तर घरातच येतेत ना. उद्या बाळंतपणाचा खर्च मागतेन."

मागतेनच की! बाळंतपणाच्या रजेचा कायदा तेव्हा १९६१ चा होता आणि खाणीला लागू होता, समान मजुरीचा १९७६ चा. दगडखाण म्हणजे खाण नाही असं आमच्याकडं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती पण खाणच.

वर मोठ्या खाणीत बदल झालाय, नाही असं नाही. १९५२ च्या कायद्यात बायकांना जमिनीखाली बंदीच होती, २०१९ ला टेक्निकल आणि सुपरवायझरच्या कामासाठी ती उठली, २०२१ ला आकांक्षा कुमारी कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या भुयारी खाणीत उतरणारी पहिली महिला मायनिंग इंजिनिअर झाली. चांगलंच झालं. पण टोपलीवाल्या बाईला त्याचा काय उपयोग?

पर्यावरणाचं म्हणाल तर आमच्याकडं ते म्हणजे धुरळा आणि खड्डा. पाण्याचे फवारे क्रशरला बसवलेले असतात, पण चालू कधी, तर साहेब येणार असला की. मे महिन्यात मालक सांगतो, प्यायला टँकर लागतोय, फवाऱ्याला पाणी कुठून आणू? अरे, मागं जुन्या खाणीत साचलेलं पाणी आहे ना, त्यात एक मोटार टाक! (दुष्काळी साली तेही आटतं, खरंय.) आणि धुरळा पहिला कुणाच्या छातीत जातो तर पट्ट्याखाली बसणाऱ्या बाईच्या, म्हणून हे दोन प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत. काम संपलेल्या खड्ड्याला निदान कुंपण तरी घाला, लेकरं पोहायला उतरतात.

माझं ऐकाल तर आधी हजेरी बाईच्या नावानं आणि मजुरी तिच्याच खात्यावर, बाकी सेमिनार नंतर. सगळेच मालक तसे नसतात, शेजारच्या तालुक्यात एकजण दोघांची वेगळी हजेरी लावतो हे मी स्वतः पाहिलंय, आणि कोळसा खाणीतलं मला आतून काही माहीत नाही.

चुलता अजून म्हणतो, पैसे घरातच आले ना. हे उत्तर त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतेय, चष्मा सापडला नाही तर सुनेनं वाचून दाखवावं.