बोअरच्या जड पाण्याने मुतखडा होतो का?

इंदूरमध्ये बोअरचे पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, त्याने मुतखडा होईल का आणि आरओ बसवावा का, असे आपण विचारले आहे. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. माळव्याच्या बेसाल्ट खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतात, आणि ही दोन्ही खनिजे शरीराला हवीच असतात. निरोगी माणसाला केवळ अशा जड, म्हणजे ही खनिजे जास्त असलेल्या, पाण्याने मुतखडा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट आहारातील कॅल्शियम हे ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातून येणाऱ्या आणि खडा बनवणाऱ्या घटकाला, आतड्यातच बांधून ठेवते, आणि पाणी कमी पिणे हेच खडा होण्याचे एक मोठे कारण असते.

खरी काळजी घ्यायची ती डोळ्यांना न दिसणाऱ्या फ्लोराइडची आणि नायट्रेटची. भारतीय मानकानुसार लिटरमागे फ्लोराइड १.५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. घरात तान्हे बाळ असून त्याची दुधाची पावडर याच पाण्यात कालवत असाल, तर नायट्रेटची तपासणी कृपया टाळू नका, कारण ते उकळून जात नाही. ही दोन्ही मर्यादेत असतील आणि एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील, तर खनिजांसाठी आरओ बसवण्याची गरज नाही.