बाटल्या परत करून ये

प्रश्न : ताई नमस्कार, मी डिचोलीची. वर्षभरासाठी एक्स्चेंजवर जर्मनीत लाइपझिगला आलेय आणि आता १२ ऑगस्टचं तिकीट आहे, म्हणजे जेमतेम साडेतीन आठवडे राहिले. लेक्चर्स संपली, दोन पेपर बाकी आहेत पण अभ्यास सोडून मी नुसती ट्रॅममधून फिरतेय. प्राग, ड्रेस्डेन, परत एकदा बर्लिन अशी लिस्ट केली होती, आता कुठेच जावंसं वाटत नाही. आई रोज फोनवर चवथीचं काढते, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती माटोळी बांधायला तूच हवीस म्हणते, आणि मी उगाच तिच्यावर चिडते आणि मग रात्री रडत बसते. तिकीट सप्टेंबरअखेरीला ढकलायचं मनात आहे, सेमिस्टर तसंही ३० सप्टेंबरला संपतं, रूमचं काँट्रॅक्टपण तोपर्यंत आहे. पण बाबांचा खाणीवर ट्रक होता, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा तो विकावा लागला, त्यानंतर पै पै जमवून त्यांनी मला पाठवलंय. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? मी स्वार्थी आहे का?

उत्तर : स्वार्थी कसली गं, दमलीयस तू. मीपण २००७ साली असंच एक वर्ष जर्मनीत काढलंय, आणि शेवटच्या महिन्यात मी काय केलं असेल तर रोज त्याच बेकरीत जाऊन तोच एक पाव घेतला, दुसरं काही नाही. प्राग राहिलं. अजून बघितलेलं नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही, पण त्या बेकरीवालीने शेवटच्या दिवशी न विचारता पाव पिशवीत टाकला ते आठवतं. म्हणून ती लिस्ट फाडून टाक. पेपर दे आणि जिथे वर्षभर गेलीस तिथेच जा.

तिकीट मात्र ढकलू नकोस, निदान निरोप चुकवायला तरी नको. आज जे वाटतंय तेच सप्टेंबरात वाटेल, फक्त तेव्हा सोबतचे सगळे पांगलेले असतील आणि चवथ गेलेली असेल. भाड्याचं म्हणशील तर मधल्या दिवसांसाठी रूम घेणारं कुणी मिळतंय का बघ, पण मालकाला विचारूनच, परस्पर कुणाला चावी देऊ नकोस.

आता कागदपत्रं, कारण रडण्यातला अर्धा भाग त्याचाच असतो असं माझं मत आहे. आबमेल्डुंग, म्हणजे शहराच्या ऑफिसात जाऊन मी इथून चालले हे नोंदवणं, जायच्या आठवडाभर आधीपासून करता येतं, निघून गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत केलं तरी चालतं. पण तिथे असतानाच कर आणि तो कागद जपून ठेव, टीव्ही-रेडिओची जी फी महिन्याला १८.३६ युरो जाते ती त्याच कागदावर बंद होते. बँक खातं घाईने बंद करू नकोस, रूमचं डिपॉझिट परत यायला काही महिने लागू शकतात आणि आपल्याकडच्या खात्यांना आयबॅन, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय खाते नंबर नसतो, त्यामुळे तिकडून पैसे पाठवणारे गोंधळतात. युनिव्हर्सिटीचा ईमेल बंद व्हायच्या आत हवं ते सगळं उतरवून घे. आणि ओव्हन घास!! आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, रूम ताब्यात घ्यायला आला, भिंती बघितल्या, खिडक्या बघितल्या, मग खाली वाकून ओव्हनच्या आत मोबाईलचा उजेड मारला आणि काही न बोलता वहीत लिहिलं. माझे चाळीस युरो त्या एका वाकण्यात गेले.

आता आईचं. तिला लाइपझिगमधलं काय विचारायचं हेच कळत नाही गं, ना तिला तो ट्रॅम माहीत ना तुझ्या मैत्रिणी, म्हणून ती नारळ, चिबूड नि सुपारीच्या शिपट्यांवर येते. तेवढंच एक तिच्या हातातलं आहे. चिडायच्या आधी आज काय खाल्लंस ते सांगून टाक, बघ ती माटोळी विसरते की नाही.

बाबांसाठी मात्र एक काम सांगते, हे नक्की कर. लाइपझिगच्या दक्षिणेला कोस्पुडेनर झे नावाचं तळं आहे, पोहायला गेली असशीलच. ती पूर्वी कोळशाची उघडी खाण होती, खाण बंद झाल्यावर तिच्यात पाणी भरलं आणि २००० साली ती लोकांना खुली केली. आता तिथे वाळू आहे, शिडाच्या होड्या आहेत, पोरंबाळं डुंबतात. एखाद्या रविवारी काठावर उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल लाव. ज्या माणसाने डिचोलीच्या खाणीवर इतकी वर्षं ट्रक चालवला त्याला हे तळं कुठल्याही प्रोफेसरपेक्षा जास्त कळेल, उतार किती ठेवलाय, माती खचत नाही का, पावसात पाणी कुठवर चढतं, असं तासभर विचारत बसतील. तुला उत्तरं येणार नाहीत, नाही आली तर नाही आली. तिथल्या कुणाला तरी विचारून सांग.

चॉकलेटं किती आणायची ते बाबांशी ठरव, आईशी नको, आईच्या यादीत अख्खा वाडा येतो आणि बॅगेची २३ किलोची मर्यादा तिला मान्य नसते.

शेवटचं, पलंगाखाली रिकाम्या बाटल्यांची पिशवी असेल ना? प्रत्येकाच्या असते. माझ्या एकतीस निघाल्या, बाटली परत केली की तिचं डिपॉझिट परत मिळतं, एकीचे पंचवीस सेंट. शेवटच्या संध्याकाळी एकेक करून मशीनमध्ये टाकल्या, ७.७५ युरोची चिठ्ठी आली आणि ती काउंटरवर द्यायचं जिवावर आलं, आठवण म्हणून डिक्शनरीत घालून घरी आणली. दोन पावसाळ्यांत त्यावरची शाई उडाली, आता नुसता पांढरा कागद आहे. तू पैसे घे आणि तिथेच त्याचं आइस्क्रीम खा.